साहेबाची पेन्शन आणि साहेबाचे मत

पेन्शन हा शब्द इंग्रजी खरा, पण मराठीत तो असा काही मुरला आहे की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानातही येत नाही. माणूस पेन्शनीत निघतो, शेतावरचा बैल पेन्शनीत निघतो, आणि घरातला जुना तांब्याचा बंबही एके दिवशी माळ्यावर जाऊन पेन्शन खात बसतो. या शब्दाबरोबर जे चित्र उभे राहते तेही ठरलेले. सकाळचे फिरणे, दुपारचे वर्तमानपत्र, आणि संध्याकाळी पारावर बसून सरकारच्या नावाने केलेली कुरकुर. गाव, सरकार आणि कुरकुर ही तिन्ही एकाच ठिकाणी असतात, म्हणून आपल्या पेन्शनराला कधी कोडे पडत नाही. पण हाच पेन्शनर समुद्रापलीकडे जाऊन राहिला म्हणजे? कर त्याने कोणत्या तिजोरीत भरायचा आणि मत कोणत्या पेटीत टाकायचे?

प्रश्न आजच्या विमानयुगातला वाटतो खरा. मीही तसाच समजून जुने कागद चाळू लागलो, आणि पहिले ठळक उदाहरण सापडले ते आपल्याच दारात. समुद्रापलीकडे राहून आपल्या पैशावर जगणाऱ्या पेन्शनरांची एक सबंध जातच आपण शंभराहून अधिक वर्षे पोसली होती.

हे पेन्शनर म्हणजे हिंदुस्थानातून निवृत्त होऊन विलायतेस परत गेलेले साहेबलोक. चेल्टनहॅम, बाथ, बेडफर्ड अशा गावांतून त्यांच्या वसाहतीच झाल्या होत्या. त्यांना टोपणनावेही होती. बंगालच्या साहेबाला म्हणत ‘कोइ-हाय’, कारण चाकराला हाक मारायची ती ‘कोई है!’ अशी, मद्रासचा साहेब तो ‘मल’, आणि आमच्या मुंबई इलाख्यातला साहेब तो ‘डक’! हे नाव वाळवलेल्या बोंबलाच्या इंग्रजी नावावरून पडले असावे असा कोशकारांचा तर्क आहे. ज्या साहेबापुढे अर्धा जिल्हा चळचळा कापे, त्याला घरी गेल्यावर बोंबील म्हणून हाक मारीत, हे वाचून मला झालेला आनंद फारसा उदात्त नव्हता.

पण बोंबलाची मिळकत पाहा. सिव्हिल सर्व्हिसमधल्या अधिकाऱ्याने पंचवीस वर्षे नोकरी केली, त्यांत रजा वजा जाता एकवीस वर्षे प्रत्यक्ष काम भरले, की तो वर्षाला हजार पौंडांचा धनी होई. न्यायाने सांगायचे तर यातला काही हिस्सा त्याच्याच पगारातून कापलेला असे. बाकीचा भार हिंदुस्थानच्या महसुलावर. अशा पेन्शनी, कर्जावरचे व्याज, लंडनच्या इंडिया ऑफिसचा खर्च, इत्यादी मिळून जी रक्कम दरसाल विलायतेस जाई तिला ‘होम चार्जेस’ असे गोंडस नाव होते. होम कोणाचे आणि चार्ज कोणाला, हे त्या नावातच आले.

त्यातही खुबी होती. पेन्शन पौंडांत द्यायची आणि सारा रुपयांत वसूल करायचा. १८७० च्या सुमारास रुपया दोन शिलिंगांच्या जवळपास होता, तेव्हा हजार पौंडांना दहा हजार रुपये पडत. पुढे चांदी उतरली. १८९०–९५ च्या सुमारास रुपया चौदा पेन्सांच्या आसपास घसरला, आणि त्याच पेन्शनीला सतरा हजारांच्या वर रुपये लागू लागले. साहेब चेल्टनहॅमला स्वस्थ बसलेला. त्याची बढती नाही, बदली नाही. पण साताऱ्याच्या कुळाला त्याची पेन्शन दर वर्षी महाग पडत चाललेली! शतक संपता संपता रुपया सोळा पेन्सांवर स्थिर झाला, तेव्हा हजार पौंडांचा हिशेब पंधरा हजारांवर येऊन थांबला.

आता कर आणि मत. हिंदुस्थानात आयकर आणला जेम्स विल्सनने, १८६० साली. १८८६ च्या कायद्याने वर्षाला पाचशे रुपये मिळवणारा माणूस करपात्र ठरला, म्हणजे महिना बेचाळीस रुपयांचा कारकूनही त्यात सापडला. १९०३ साली ही मर्यादा हजारावर नेली. या कारकुनाला कायदेमंडळासाठी मत नव्हते. पेन्शनर साहेब आपला आयकर भरी तो विलायतेच्या तिजोरीत. मत देई ते विलायतेच्या पार्लमेंटसाठी. आणि ते पार्लमेंट राज्य करी ते हिंदुस्थानावर. इतक्यानेही भागत नव्हते. १८५८ साली लंडनला जे पंधरा जणांचे इंडिया कौन्सिल स्थापन झाले, त्यात बहुसंख्य सभासद हिंदुस्थानात किमान दहा वर्षे राहिलेलेच असावेत असा नियम होता. म्हणजे पेन्शनर मंडळीच तिथे पुन्हा खुर्च्यांवर. त्यांचा तिथला पगारही आपल्याच महसुलातून! ज्याच्या पैशाने जेवायचे त्याला पंगतीला बसू द्यायचे नाही, असला हा कारभार.

दादाभाई नौरोजींनी आयुष्यभर मांडला तो हाच हिशेब. १८९२ साली ते लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून पार्लमेंटवर निवडून आले. बहुमत अगदी मोजक्या मतांचे. मला या निवडणुकीतली विसंगती फार बोलकी वाटते. दादाभाई लंडनला घर करून राहिले म्हणून ते तिथे मत देऊ शकत होते, उभेही राहू शकत होते; तेच मुंबईत राहिले असते तर आपल्याच देशाच्या अंदाजपत्रकावर त्यांना मताचा अधिकार नव्हता. मत माणसाला नव्हते, त्याच्या मुक्कामाला होते. पुढे १८९५ साली हिंदी खर्चाच्या चौकशीसाठी वेल्बी कमिशन नेमले गेले. दादाभाई त्याचे सभासद झाले, आणि १८९७ साली पुण्याहून तिशीतले गोपाळराव गोखले साक्षीला गेले. युरोपियन नोकरशाहीचा पगार, रजा आणि पेन्शन यांचा बोजा त्यांनी तिथे आकड्यांनिशी मांडला. प्राध्यापकाच्या मिळकतीवर जगणारा माणूस हजार पौंडांच्या पेन्शनीवर बोलतो आहे, आणि ऐकणारे बहुतेक दुसऱ्या बाजूचे, ही कल्पना करून पाहावी.

पेन्शनरांची काळजी मात्र शेवटपर्यंत घेतली गेली. १९३५ च्या राज्यघटना-कायद्यात २७२ वे कलम होते. हिंदुस्थानाबाहेर कायम राहणाऱ्यांच्या ठरावीक पेन्शनींना इथल्या सर्व करांतून त्याने मुक्त केले. स्वराज्य आल्यावर १९४८ साली हिशेब चुकता झाला. युद्धकाळात ब्रिटनकडे आपले जे पौंड जमा झाले होते त्यांतून केंद्र आणि प्रांत मिळून सुमारे १६ कोटी ८० लक्ष पौंड, म्हणजे तेव्हाचे २२४ कोटी रुपये, या पेन्शनींच्या तरतुदीसाठी वळते करण्यात आले. फाळणीच्या निर्वासितांना छप्पर मिळाले नव्हते त्या वर्षीची ही गोष्ट आहे. वचन पाळले हे योग्यच झाले, असे मी म्हणतो; पण म्हणताना जीभ किंचित अडखळते.

साहेबाची गोष्ट येथे संपली, पण प्रश्न संपला नाही. त्याच्या नेमकी उलट तऱ्हा अमेरिकेत दिसते. ‘प्रतिनिधी नाही तर कर नाही’ म्हणत ज्या लोकांनी १७७३ साली बोस्टनच्या बंदरात चहा बुडवला, त्यांनीच यादवी युद्धाच्या काळात आयकर बसवताना तो परदेशी राहणाऱ्या नागरिकांवरही लादला. १८६४ साली तर त्यांच्या जगभरच्या उत्पन्नावर. त्यांत कडवटपणा होता. देश जळत असताना पॅरिसमध्ये जाऊन बसणाऱ्या धनिकांना मोकळे सोडायचे नाही, ही भावना. युद्ध संपले, तो कर गेला. पण १९१३ साली आयकर परत आला तेव्हा ही खोड बरोबर घेऊनच आला.

मेक्सिको शहरात कायमचा स्थायिक झालेला जॉर्ज कुक नावाचा अमेरिकन या कराविरुद्ध न्यायालयात गेला. सगळी मिळकत मेक्सिकोतली, घर मेक्सिकोत. मग कर वॉशिंग्टनला का? १९२४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो त्याच्याविरुद्ध. नागरिक कोठेही असो, सरकारचे छत्र त्याच्यावर असतेच, तेव्हा छत्राचे भाडे द्यावे, असा त्या निकालाचा मथितार्थ. भाडे ठरले, पण छत्रीखाली परदेशस्थ सामान्य नागरिकाला मताची हमी नव्हती. तो कायदा यायला १९७५ साल संपावे लागले. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांची सही २ जानेवारी १९७६ ची. म्हणजे निकालानंतर अर्धे शतक उलटले. त्या कायद्यात एक शहाणपणाचे कलम होते. परदेशातून केंद्रीय निवडणुकीत मत दिले म्हणून कोणाला त्या राज्याचा रहिवासी ठरवून कर लावता येणार नाही. मतपत्रिकेच्या मागे कराची नोटीस चिकटून येईल ही म्हाताऱ्या माणसांची धास्ती कायदेकर्त्यांना ठाऊक असावी.

इंग्लंडने तिसरीच वाट धरली. देश सोडलेल्या सामान्य नागरिकाला तिथे १९८५ पर्यंत मतच नव्हते. त्या साली ते पाच वर्षांपुरते दिले. १९८९ साली मुदत वीस वर्षे केली. २००० च्या कायद्याने ती पंधरावर आणली. बाजारात भाव करावा तसे हे आकडे! सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्याची पेन्शन बहुतेक करारांनुसार ब्रिटनमध्येच करपात्र. पण सोळाव्या वर्षी त्याचे नाव यादीतून गळे. कर घेताना तो आपला, मत घेताना परका.

या नियमाशी ज्याने झुंज दिली त्या हॅरी शिंडलरची हकीकत मला या सबंध इतिहासात सर्वांत जिवंत वाटते. लंडनमध्ये १९२१ साली जन्मलेला हा गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात इटलीत, आंझिओच्या आघाडीवर लढला. इटालियन मुलीशी लग्न केले, आणि निवृत्तीनंतर १९८२ साली तो इटलीतच जाऊन राहिला. मताचा हक्क परत मिळावा म्हणून तो स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेला. २०१३ साली हरला. न्यायालयाचे म्हणणे असे की दीर्घकाळ बाहेर राहिलेल्याला देशाच्या रोजच्या प्रश्नांची झळ कमी लागते. युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. चेल्टनहॅमच्या बोंबलाला सोलापूरच्या दुष्काळाची झळ किती लागत होती, हे आपण जाणतोच. पण २०१६ साली ब्रिटनने युरोपीय संघात राहावे की नाही यावर कौल घेतला, तेव्हा ज्याचे इटलीतले राहणेच त्या कौलावर अवलंबून होते त्या शिंडलरलाच मत नव्हते. तो पुन्हा लंडनच्या न्यायालयांत गेला, पुन्हा हरला. झळ हा निकष मानला तर त्या वेळी त्याच्याइतकी झळ कोणाला होती? आणि गंमत अशी की तो ज्या इटलीत राहत होता ती आपल्या परदेशस्थ नागरिकांना नुसते मतच नव्हे, तर पार्लमेंटात राखीव जागाही देते.

अखेर एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांची अट काढणारा कायदा झाला. तेव्हा शिंडलर शंभर वर्षांचा होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो वारला. कायद्याची ही तरतूद प्रत्यक्ष लागू झाली १६ जानेवारी २०२४ रोजी.

ब्रिटिश पेन्शनरांचे एक गाऱ्हाणे अजून उरलेच आहे. सरकारी वृद्धवेतन ब्रिटनमध्ये दरसाल वाढते. अमेरिकेत वा युरोपात राहणाऱ्यालाही ती वाढ मिळते. पण ऑस्ट्रेलिया, कॅनडा, भारत अशा देशांत राहणाऱ्याचे वेतन परदेशी पहिल्यांदा मिळाले त्या आकड्यावर गोठून राहते. २०१० साली मानवी हक्क न्यायालयानेही यात हात घालण्याचे नाकारले. गोव्याच्या किनाऱ्यावर घर घेऊन राहिलेला इंग्रज म्हातारा वर्षानुवर्षे त्याच आकड्यावर दिवस काढतो. एकेकाळी हिंदुस्थानच्या पैशावर पेन्शन फुगत गेली ती इंग्लंडात. आता इंग्लंडची पेन्शन आटत जाते ती हिंदुस्थानात. इतिहासाला विनोदबुद्धी नाही असे कोण म्हणेल?

आता आपल्याकडचे. २०१० च्या दुरुस्तीने परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार म्हणून नाव नोंदवता येऊ लागले. अट एकच, मत द्यायला पासपोर्ट घेऊन स्वतः गावी यायचे. २०२४ च्या लोकसभेला अशा नोंदलेल्या सुमारे १ लाख १९ हजार मतदारांपैकी प्रत्यक्ष आले ते तीन हजारांहून कमी, आणि त्यातले बहुतेक केरळचे. आखातातून कोझिकोडला येणे आणि कॅलिफोर्नियातून कोल्हापूरला येणे यात अंतराचा आणि तिकिटाचा फरक आहेच.

पण मला खरे कोडे वाटते ते परत आलेल्यांचे. चाळीस वर्षांपूर्वी अमेरिकेला गेलेली, तिथले नागरिकत्व घेतलेली मराठी जोडपी आता निवृत्त होऊन पुण्या-नाशकात घरे घेत आहेत. आपली घटना दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. ‘ओसीआय’चे कार्ड हाती असते, मताचा हक्क नसतो. अमेरिका त्यांच्या जगभरच्या उत्पन्नावर कर मागते. परदेशी कमाईला जी सूट आहे ती पेन्शनला लागू नाही. दोन-तीन वर्षांची सवलत संपली की भारतही त्यांना रहिवासी धरून विवरणपत्र मागतो. एकीकडे भरलेला कर दुसरीकडे वजा मिळतो, पण त्यासाठी दोन देशांचे कागद सांभाळायचे. बँकेत गेले की ‘आपण अमेरिकन नागरिक आहात काय’ हा रकाना; इथल्या खात्यांत मिळून दहा हजार डॉलरांच्या वर शिल्लक गेली की त्याची वर्दी तिकडे.

मुळा-मुठेचे पाणी, कचऱ्याची गाडी, फुटलेला रस्ता यांची झळ त्यांना रोजची. घरपट्टीही ते वेळेवर भरतात. पण महापालिकेच्या निवडणुकीच्या दिवशी आळीतली मंडळी बोटाला शाई लावून परततात तेव्हा हे गच्चीतून पाहतात. त्यांची मतपत्रिका येते ती नोव्हेंबरच्या सुमारास, जिथले घर विकून ते आले त्या न्यू जर्सीतल्या परगण्याची. राष्ट्राध्यक्षाच्या नावापुढे ते खूण करतात आणि पाकीट बंद करून पाठवून देतात. जूनमध्ये अमेरिकेचे विवरणपत्र जाते, जुलैअखेर भारताचे.