एकसरचे वीरगळ आणि उपनगरांचा वारसा

मुंबईचा वारसा म्हटला की बोरीबंदरचे स्थानक, राजाबाई मनोरा आणि फोर्टातील दगडी इमारतीच डोळ्यांसमोर येतात. 1995 साली बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली झाली, तेव्हाही यादीतील बहुतांश नोंदी बेटशहरातल्याच होत्या. अंधेरी व घाटकोपर 1950 मध्ये, तर बोरिवली व मुलुंड 1957 मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत आले. त्यामुळे उपनगरांचा इतिहास लोकलगाडीपासून सुरू होतो असा समज रूढ झाला. वस्तुतः हा सारा प्रदेश साष्टीचा, म्हणजे सहासष्ट गावांचा. शिलाहार राजा अपरादित्याच्या बाराव्या शतकातील परळ शिलालेखात 'षट्षष्टी' हे नाव आलेले आहे. मराठीच्या अभ्यासकांना हा लेख त्याच्या शेवटच्या मराठी शापवचनामुळे परिचित आहेच.

या साष्टीतील बोरिवलीजवळच्या एकसर गावी सहा वीरगळांची नोंद 1882 च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये आहे. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळाशी युद्ध, त्यावर वीराचा मृत्यू, मग अप्सरांसह स्वर्गारोहण आणि शेवटी शिवपूजा. एकसरचे वैशिष्ट्य असे की येथे युद्धाच्या पट्टांत उंच नाळेची, वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे कोरली आहेत. आरमारी युद्ध दाखवणारी अशी शिल्पे महाराष्ट्रात विरळाच. काळ सांगणारा लेख नसल्याने मतभेद आहेत. मात्र हेन्री कझिन्स यांनी सुचवल्याप्रमाणे, शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यातील इ. स. 1265 च्या सुमाराच्या संघर्षाशी त्यांचा संबंध बहुधा जोडला जातो.

याच संघर्षाची दुसरी बाजू हेमाद्रीच्या 'चतुर्वर्गचिंतामणी'तील राजप्रशस्तीत सापडते. सोमेश्वर सैन्यासह समुद्रात बुडाला, असे तो विजेत्याच्या दरबारातून सांगतो. वीरगळ मात्र पडलेल्यांच्या बाजूने उभा असतो. प्रशस्तीत राजाचे नाव उरते. दगडावर नाव नसलेला माणूस उरतो. साहित्याच्या विद्यार्थ्याने ही दोन कथने शेजारी ठेवून वाचावीत, असे आम्हांस वाटते.

परंतु या दगडांचे वाचन आता सोपे राहिलेले नाही. गावकऱ्यांनी त्यांना दैवत मानले, शेंदूर लावला, फुले वाहिली. लोकसहभागाची भाषा आज सर्वत्र ऐकू येते. तिचा सूर असा, की जणू लोकांना वारशाकडे बाहेरून आणायचे आहे. येथे लोक आधीपासूनच आहेत. आसपासच्या वाड्या जाऊन इमारती उभ्या राहत असताना दैवत हलवता येत नाही, या भावनेनेच अशा दगडांना जागेवर राखले. त्याच भक्तीच्या थरांखाली शिल्पाच्या रेषा मात्र बुजत जातात. राखणारा आणि झाकणारा हात एकच आहे, हे या प्रश्नातले खरे अवघडपण होय.

शेंदूर खरवडून काढावा, असे म्हणणे सोपे. पण त्याबरोबर दगडाचे पालकही दुरावतील. अधिकृत दर्जा पुरेसा ठरतो असेही नाही. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीला 2007 साली महापालिकेने वारसा दर्जा दिला, तरी तो काळा बेसॉल्टचा सुळका इमारतींनी वेढलेलाच आहे. माथ्यावरच्या गावदेवीला जाणाऱ्यांचा राबता मात्र अखंड आहे.

2015 नंतर मुंबई विद्यापीठाचे पुरातत्त्व केंद्र, विलेपार्ल्याचे साठ्ये महाविद्यालय आणि इंडिया स्टडी सेंटर ट्रस्ट यांनी साष्टीचे सर्वेक्षण हाती घेतले. विद्यार्थी गावठाणांतून व पाड्यांतून हिंडले, मंदिरांच्या आवारातील वीरगळ, गधेगळ नोंदवू लागले. आमच्या मते वाट हीच आहे. मोजमाप व छायाचित्रे व्हावीत, त्यांबरोबर त्या दगडाला गावात कोणत्या नावाने हाक मारतात, त्याची पूजा कोण करते, हेही टिपले जावे. आणि ती नोंद विद्यापीठाच्या कपाटात न थांबता गावठाणात परत जावी. आपण शेंदूर लावतो त्या दगडावर जहाज आहे, हे ज्याला कळेल तो पुढचा थर लावण्यापूर्वी निदान क्षणभर थांबेल.