तेलताड : आनुवंशिकी आणि पैदास

तेलताड (शास्त्रीय नाव एलाइस गिनीन्सिस, कुल ॲरेकेसी) हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतला मूळचा वृक्ष. सरकारी कागदांत आणि शेतकऱ्यांच्या बोलण्यात ‘ऑईल पाम’ हेच नाव जास्त चालते. फरसाणाच्या कढईतले पामोलीन याच्या फळाच्या गरातून निघते. आतल्या गिरीचे तेल निराळे असते. गुणांनी ते खोबरेलाच्या जवळचे. जगभरातली सरासरी धरली तरी हेक्टरी तीन ते चार टन तेल हे झाड देते आणि इतके तेल दुसरे कोणतेही पीक देत नाही. या उत्पन्नाचा मोठा वाटा एका जनुकाचा आहे. पैदासकारांचे बहुतेक कष्ट त्या जनुकाभोवती आणि त्याने आणलेल्या अडचणींभोवती फिरत राहिले आहेत.

फळ आडवे कापले की जात कळते. ‘ड्युरा’ फळात गर पातळ आणि करवंटी जाड, 2 ते 8 मिलिमीटर. ‘पिसिफेरा’त करवंटीच नसते, गर भरपूर, पण मादी फुले बहुधा वांझ असल्याने घड पोसण्याआधीच सडतात. ‘टेनेरा’ या दोहोंच्या मधला : करवंटी पातळ, तिच्याभोवती काळसर तंतूंचे कडे आणि गर ड्युरापेक्षा बराच जास्त. टेनेराचे बी पेरले की तिन्ही प्रकारची झाडे निघत, त्यामुळे हा स्वतंत्र वाण असूनही शुद्ध राहत नाही, असा समज होता. बेल्जियन काँगोतील यांगाम्बी येथे बेर्नार्ट व व्हान्डरवेयेन यांनी हा गुंता सोडवून 1941 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला : करवंटीची जाडी एकाच जनुकावर ठरते आणि टेनेरा हा ड्युरा व पिसिफेरा यांचा संकर आहे. टेनेराचा टेनेराशी संकर केला तर 1:2:1 हे मेंडेलचे प्रमाण मिळते. ड्युरा मादी आणि पिसिफेरा नर घेतले तर शंभर टक्के टेनेरा. त्याच जमिनीत तेल सुमारे 30 टक्क्यांनी वाढले. पुढच्या दोन-तीन दशकांत नव्या लागवडी टेनेराकडे वळल्या. शेतकऱ्याला आपल्या झाडाचे बी वापरता येत नाही, दर वेळी रोप विकतच घ्यावे लागते, त्याचे कारणही हेच.

मादी बाजूचा इतिहास मात्र चमत्कारिक आहे. 1848 मध्ये जावातील बोगोरच्या वनस्पती उद्यानात तेलताडाची चार रोपे लावली गेली. त्यांची संतती सुमात्रातल्या देली भागात तंबाखूच्या मळ्यांवर शोभेसाठी गेली. 1911 च्या सुमारास तिथे व्यापारी लागवड सुरू झाली ती या ‘देली ड्युरा’वरच. आग्नेय आशियातल्या बहुतेक बागांची मादी बाजू आजही याच चार झाडांच्या वंशातली आहे. पुष्कळदा वापरला जाणारा ‘आव्रॉस’ पिसिफेराही काँगोतून सुमात्रात आलेल्या मोजक्या टेनेरा झाडांचाच वंशज. लाखो हेक्टरांचे पीक इतक्या अरुंद पायावर उभे असणे हे धाडसच म्हणावे लागेल. मलेशिया व नायजेरिया यांच्या संशोधकांनी 1973 मध्ये नायजेरियाच्या रानांतून बी गोळा केले. ते जोहोरमधील क्लुआंग येथे लावले गेले आणि त्यातून बुटक्या व भरपूर तेल देणाऱ्या झाडांची निवड झाली.

पैदासकाराचा खरा शत्रू वेळ. झाडाला एकच खोड आणि शेंड्याला एकच वाढबिंदू. फुटवे नाहीत, कलम नाही. एकाच झाडावर नर व मादी फुलोरे आलटून पालटून येतात, त्यामुळे परपरागण ठरलेलेच. पिसिफेरा स्वतः घड धरत नाही, म्हणून त्याची पारख त्याच्या लेकींवरून करावी लागते : अनेक ड्युरांशी संकर करा, रोपे लावा, तीन वर्षांनी घड धरू लागले की वर्षानुवर्षे वजने नोंदवा. एक फेरी दहा-बारा वर्षांची होते. फ्रेंच संशोधकांनी 1950 च्या दशकात आफ्रिकेत एक उपयुक्त मार्ग काढला. देली झाडांचे घड मोठे पण थोडे, तर आयव्हरी कोस्टमधील ला मे येथील झाडांचे घड लहान पण पुष्कळ. दोन्ही गट वेगळे ठेवून परस्परांशी जुळणारे जोडीदार पिढ्यानपिढ्या निवडण्याची पद्धत त्यावर उभी राहिली.

बी तयार करणे हे हातचे काम आहे. मादी फुलोरा उमलण्याच्या आठवडाभर आधी त्यावर पिशवी चढवून तोंड घट्ट बांधतात. पिसिफेराच्या नर फुलोऱ्यातले परागकण संगजिऱ्याच्या भुकटीत मिसळून पिशवीच्या छिद्रातून फुंकतात. घड पिकायला पाच-सहा महिने. मग बिया सुमारे 40 अंश सेल्सिअसच्या उबेत दीड-दोन महिने ठेवल्याखेरीज कोंब फुटत नाही. पिशवीत एखादा परागवाहक भुंगा शिरला तर परका पराग पडतो आणि ‘संकरित’ म्हणून विकलेल्या रोपांत ड्युरा निघतो. ही फसगत उघडी पडते तीन वर्षांनी.

त्यावर इलाज जीनोमने दिला. मलेशियन पाम ऑइल बोर्डाच्या चमूने 16 जोड्या गुणसूत्रांचा, सुमारे 1.8 अब्ज अक्षरांचा जीनोम 2013 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला; करवंटीचे ‘शेल’ जनुकही त्याच वेळी सापडले. आता रोपवाटिकेतच पानाचा तुकडा तपासून रोप टेनेरा आहे की ड्युरा हे सांगता येते.

टिश्यू कल्चरची गोष्ट इतकी सुखाची नाही. उत्तम झाडाच्या हुबेहूब नकला करण्याची आशा 1970 च्या दशकात वाढली. पण पुढच्या दशकात काही नकलांची फळे विकृत निघाली : पुंकेसरांच्या जागी जादा किंजदले, घड रिकामे. रोपे मात्र रोपवाटिकेत धडधाकट. जनुकातली अक्षरे तीच असताना हे का व्हावे, हे कोडे तीस वर्षे राहिले. 2015 मध्ये उत्तर मिळाले : फुलाची घडण ठरवणाऱ्या एका जनुकात बसलेल्या ‘कार्मा’ या फिरत्या तुकड्यावरचे मिथाइल आवरण टिश्यू कल्चरमध्ये निघून जाते. ते आवरण शाबूत आहे का, हे लागवडीआधी तपासता येते.

रोगांनी पैदासकाराला दक्षिण अमेरिकेकडे वळवले. तिथला सोयरा एलाइस ओलिफेरा बुटका व कमी तेलाचा, पण त्याचा संकर शेंडेकुजीला टिकून राहतो. हा रोग लागून कोलंबियातील तुमाको भागातल्या बागा उद्ध्वस्त झाल्यावर अशा संकरांची लागवड वाढली. त्यांचे तेल ऑलिक आम्लाने समृद्ध असते. परागण मात्र माणसाला करून द्यावे लागते. आग्नेय आशियातल्या गॅनोडर्मा बुडकुजीवर असा पक्का तोडगा अजून नाही.

भारतात हे काम आंध्र प्रदेशातील पेदवेगी येथील भारतीय तेलताड संशोधन संस्था आणि केरळातील पालोड येथील तिचे केंद्र करते. 2021 च्या राष्ट्रीय अभियानाने लागवडीचे लक्ष्य 10 लाख हेक्टरांवर नेले; त्यामुळे देशी बियाण्याची मागणी वाढली, तरी बरेच बी परदेशातून येते. महाराष्ट्रात चाचण्या कोकण कृषी विद्यापीठाच्या मुळदे (जि. सिंधुदुर्ग) केंद्रात झाल्या. कोकणात पाऊस चार महिने कोसळतो आणि मग कोरड पडते. पाण्याचा ताण पडला की झाड नर फुलोरे जास्त काढते आणि फुलोऱ्याचे लिंग उमलण्याच्या दीड-दोन वर्षे आधीच ठरत असल्याने यंदाच्या कोरडीचा फटका त्यानंतरच्या घडांवर दिसतो. इथे वाण निवडायचा तर निव्वळ घडांची वजने पुरत नाहीत. किती पाणी दिले, केव्हा दिले आणि किती नर फुलोरे आले, याची नोंदही कित्येक वर्षे ठेवावी लागते.