मेंढ्यांना जंताचं औषध: कोणतं, कधी, किती आणि कुणाला?

पावसाळा सुरू होऊन दीड-दोन महिने झाले की अनेक कळपांत एकच चित्र दिसतं. एखादी मेंढी चालताना मागे राहते, चार पावलं टाकून थांबते. दुसरीच्या जबड्याखाली पाण्याच्या पिशवीसारखी सूज येते. हगवण नाही, लेंड्या नेहमीसारख्याच. मग एका सकाळी त्यातली एक मेलेली सापडते आणि मेंढपाळ म्हणतो, "पण औषध तर मागच्याच महिन्यात पाजलं होतं!"

औषध पाजूनही जनावर का दगावलं? बहुतेक वेळा उत्तर चारपैकी एक असतं. औषध त्या जंतावर चालणारं नव्हतं, मात्रा कमी पडली, औषधानंतर मेंढीला पुन्हा जंत झाले किंवा कळपातले जंत त्या औषधाला जुमानेनासे झाले आहेत. ही चारही कारणं टाळता येतात. कशी, ते पाहू.

थोडक्यात

- सगळ्या जंतांवर चालणारं एकच औषध नाही.
- मात्रा वजनावर ठरते, अंदाजावर नाही.
- दुकानातलं नाव बदललं म्हणजे औषध बदललं असं नाही.
- दर वेळी सगळ्या कळपाला पाजणं गरजेचं नसतं, उलट त्यानं नुकसान होऊ शकतं.
- औषध लागू पडलं का, हे लेंड्या तपासून कळतं.

मेंढ्यांना कोणते जंत होतात?

ढोबळमानानं तीन प्रकार आहेत.

गोल जंत: यातला सर्वांत घातक म्हणजे हिमॉन्कस. तो मेंढीच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहतो आणि रक्त पितो. मादी दोन-तीन सेंटीमीटर लांब, लाल-पांढऱ्या पीळ दिलेल्या दोऱ्यासारखी दिसते. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मि.ली. रक्त घेतो. ऐकायला हे काहीच नाही. पण पोटात हजार जंत असतील तर रोज ५० मि.ली. रक्त जातं, आणि ३० किलोच्या मेंढीच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं दोन लिटरच्या आसपास. त्यामुळे मेंढी फिकट पडते, अंगात पाणी उतरतं, पण हगवण लागतेच असं नाही. हगवणीची वाट पाहत बसलेला माणूस इथेच फसतो.

चपटे जंत: यकृतातले पर्णकृमी, म्हणजे लिव्हर फ्लूक, आणि पोटातले अँफिस्टोम. यांचा प्रवास गोगलगायीतून होतो. म्हणून डबकी, कालव्याच्या कडा, भाताची खाचरं अशा पाणथळ जागी चरणाऱ्या मेंढ्यांना त्यांचा धोका जास्त.

पट्टकृमी: लेंड्यांवर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसतात ते याचे. डोळ्यांना दिसतात म्हणून लोक यांनाच सर्वांत जास्त घाबरतात. प्रत्यक्षात मोठ्या मेंढ्यांना त्यांचा त्रास सहसा कमी असतो. जीव घेणारा हिमॉन्कस मात्र लेंडीत दिसत नाही. त्याची अंडी पाहायला सूक्ष्मदर्शकच लागतो.

पावसाळ्यातच जोर का?

हिमॉन्कसची एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते. ती लेंडीतून जमिनीवर पडतात. ऊब आणि ओल मिळाली की साधारण आठवडाभरात त्यातून मेंढीला बाधणारी अळी तयार होते आणि ओल्या गवतावर चढते. ते गवत मेंढीनं खाल्लं की सुमारे तीन आठवड्यांत अळीचा अंडी घालणारा जंत होतो. म्हणजे महिन्याभरात एक पिढी.

महाराष्ट्रातले अनेक धनगर मेंढपाळ पावसाळा संपला की कळप घेऊन बाहेर पडतात. काही देशावरच फिरतात, काही घाट उतरून कोकणात जातात. रोज जागा बदलत असते तेव्हा मागे पडलेल्या लेंड्यांतल्या अळ्या मागेच राहतात. पण पावसाळ्यात कळप गावाजवळच्या त्याच माळावर आठवडेच्या आठवडे चरतो. मग आपल्याच लेंड्यांतून वाढलेल्या अळ्या मेंढ्या पुन्हा पुन्हा खातात. आज औषधानं पोट साफ झालं तरी उद्यापासून नवे जंत आत जायला लागतात.

कोणतं औषध कशावर?

बाटलीवर कंपनीचं नाव मोठं आणि औषधाचं नाव बारीक छापलेलं असतं. वाचायचं ते बारीक नाव.

- अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल: गोल जंतांवर चालतात. पट्टकृमीवर आणि (अल्बेंडाझोल) मोठ्या पर्णकृमीवरही चालतात, पण त्यासाठीची मात्रा वेगळी असू शकते. गाभण काळाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नये, गर्भात व्यंग येऊ शकतं.
- लेव्हामिसोल: गोल जंतांवर. मात्रा जास्त झाली तर लाळ गळणं, थरथरणं अशी विषबाधा होते.
- आयव्हरमेक्टिन: गोल जंत, खरूज आणि नाकातल्या अळ्यांवर. पर्णकृमी आणि पट्टकृमीवर चालत नाही.
- क्लोसँटेल, रॅफॉक्सानाइड: रक्त पिणारा हिमॉन्कस आणि पर्णकृमी यांवर. इतर बहुतेक गोल जंतांवर उपयोग नाही. क्लोसँटेलची मात्रा जास्त झाल्यास मेंढी आंधळी होऊ शकते.
- ऑक्सिक्लोझानाइड: मोठे पर्णकृमी आणि अँफिस्टोमवर.
- ट्रायक्लाबेंडाझोल: लहान-मोठ्या दोन्ही पर्णकृमींवर. गोल जंतांवर नाही.
- प्राझिक्वांटेल: पट्टकृमीवर.

काही बाटल्यांत दोन औषधं एकत्र असतात. त्या वेळी दोन्ही नावं वाचा आणि दोन्हींची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारा.

"आम्ही दर वेळी औषध बदलतो", हे पुरेसं आहे का?

नाही, आणि इथे सर्वांत मोठा गैरसमज आहे. गेल्या वेळी अल्बेंडाझोल दिलं आणि या वेळी फेनबेंडाझोल आणलं, तर औषध बदललं असं वाटतं. पण दोन्ही एकाच गटातली आहेत आणि जंताच्या एकाच जागी घाव घालतात. एकाला न जुमानणारा जंत बहुधा दुसऱ्यालाही जुमानत नाही. बदलायचा तो गट.

गट बदलत राहणं हाही कायमचा उपाय नाही. आपल्या कळपात कोणता गट अजून चालतो हे तपासून तोच योग्य मात्रेत वापरणं जास्त महत्त्वाचं.

जंत औषधाला का जुमानत नाहीत?

हजारो जंतांत एखादाच असा असतो की त्याला औषध बाधत नाही. औषध पाजलं की बाकीचे मरतात, तो उरतो आणि पुढची पिढी त्याची होते. मात्रा कमी पडली तर थोडेफार चिवट जंतही तगतात आणि हे आणखी वेगानं घडतं.

याचा अनुभव जगभर आला आहे. थायाबेंडाझोल हे अल्बेंडाझोलच्या गटातलं पहिलं औषध १९६१ मध्ये बाजारात आलं आणि काही वर्षांतच त्याला न जुमानणारा हिमॉन्कस सापडला. भारतात मेंढ्यांमधल्या अशा जंतांची नोंद १९७६ मध्ये झाली. २००९ मध्ये न्यूझीलंडमध्ये मोनेपँटेल हे अगदी नव्या गटातलं औषध आलं. २०१३ मध्ये तिथल्याच एका फार्मवर त्यालाही दाद न देणारे जंत आढळले. नवं औषध तयार व्हायला अनेक वर्षं जातात, ते निकामी व्हायला चार-पाच पुरतात.

मग सगळ्या कळपाला पाजायचं की नाही?

कळपात जंत सारखे वाटलेले नसतात. थोड्याच मेंढ्यांच्या पोटात बहुतेक जंत असतात, बाकीच्या मेंढ्या थोडे जंत सोसून धडधाकट राहतात. सगळ्यांना एकदम पाजलं आणि लगेच कोऱ्या माळावर नेलं, तर त्या माळावर फक्त औषधातून वाचलेल्या जंतांची अंडी पडतात. काही मेंढ्या औषधाशिवाय ठेवल्या तर त्यांच्यातले साधे जंत चिवट जंतांत मिसळत राहतात आणि औषध जास्त वर्षं टिकतं.

कुणाला पाजायचं हे ओळखण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत 'फामाचा' नावाची रंगपट्टी तयार झाली. मेंढीची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग पट्टीवरच्या पाच रंगांशी ताडून पाहायचा.

- १ आणि २ (लालबुंद, लालसर): औषधाची गरज नाही.
- ३ (गुलाबी): कोकरू, गाभण, दूध पाजणारी किंवा रोडावलेली असेल तर द्यावं.
- ४ आणि ५ (फिकट, पांढरी): लगेच द्यावं.

पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी पापण्या पाहाव्यात. पद्धत पशुवैद्यकांकडून एकदा शिकून घ्यावी आणि दिवसाच्या उजेडातच पाहावं. मात्र पापणी पर्णकृमी, गोचीड किंवा उपासमारीनंही पांढरी पडते, आणि रक्त न पिणारे जंत पापणीत कळत नाहीत. कळपात खूप मेंढ्या एकदम फिकट दिसल्या किंवा मरू लागल्या, तर निवडत बसू नका. डॉक्टरांच्या सल्ल्यानं सगळ्यांना पाजा.

मात्रा कशी काढायची?

समजा, मेंढी ३० किलोची आहे आणि डॉक्टरांनी किलोमागे ७.५ मि.ग्रॅ. अल्बेंडाझोल सांगितलं. म्हणजे लागणार २२५ मि.ग्रॅ.

- बाटली २.५ टक्क्यांची असेल तर १ मि.ली.मध्ये २५ मि.ग्रॅ. औषध असतं. द्यायचं ९ मि.ली.
- बाटली १० टक्क्यांची असेल तर १ मि.ली.मध्ये १०० मि.ग्रॅ. द्यायचं सव्वादोन मि.ली.

टक्के न वाचता नेहमीचे ९ मि.ली. दुसऱ्या बाटलीतून दिले, तर मात्रा चौपट झाली. उलट ३० किलोची मेंढी २० किलोची धरली, तर एक तृतीयांश औषध कमी पडलं.

म्हणून निदान काही मेंढ्यांचं काट्यावर वजन करा. कोकरं, माद्या आणि मेंढे वेगळे करा आणि प्रत्येक गटातल्या सर्वांत जड जनावराच्या वजनानं त्या गटाची मात्रा ठरवा. पूर्ण कळपाला एकच माप लावलं तर मेंढ्याला कमी पडतं आणि कोकराला जास्त होतं.

पाजताना काय सांभाळायचं?

- बाटली आधी नीट हलवा. औषध तळाशी बसलेलं असतं.
- ड्रेंचिंग गननं पाजत असाल तर एकदा सिरिंजमध्ये सोडून माप बरोबर येतं का पाहा.
- मेंढीचं डोकं सरळ ठेवा, वर ओढू नका. नळी तोंडाच्या कोपऱ्यातून जिभेच्या मागच्या भागावर नेऊन सावकाश सोडा. घाई केली तर औषध फुफ्फुसात जातं आणि निमोनिया होतो.
- पाजलेल्या मेंढीवर खूण करा, म्हणजे कुणी सुटत नाही आणि कुणाला दोनदा जात नाही.
- विक्रीआधी किती दिवस औषध द्यायचं नाही हे लेबलवर लिहिलेलं असतं. मांस आणि दूध खाणाऱ्यांसाठी ते पाळणं गरजेचं आहे.

औषध कधी द्यायचं?

महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे पावसाळ्याच्या तोंडावर गोल जंतांसाठी, पावसाळ्यात पापणी पाहून, आणि पाऊस संपल्यावर पाणथळ भागातल्या कळपांना पर्णकृमींसाठी औषध दिलं जातं. विण्याच्या सुमारास मेंढीची प्रतिकारशक्ती उतरते आणि लेंडीतून जास्त अंडी पडतात, म्हणून त्या दिवसांत तिच्याकडे लक्ष हवं. बाजारातून आणलेली मेंढी थेट कळपात सोडू नका. औषध देऊन एक-दोन दिवस वेगळी बांधा, नाहीतर दुसऱ्याच्या कळपातले चिवट जंत तुमच्याकडे येतील.

औषध लागू पडलं का, कसं कळणार?

पाजण्याच्या दिवशी दहा-बारा मेंढ्यांच्या ताज्या लेंड्या घ्या, प्रत्येकीची पुडी वेगळी. उन्हात न ठेवता पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा प्रयोगशाळेत द्या. त्याच मेंढ्यांच्या लेंड्या १४ दिवसांनी पुन्हा तपासून घ्या. आधी ग्रॅममागे सरासरी १००० अंडी होती आणि नंतर १०० आली, तर घट ९० टक्के. हे चांगलं वाटलं तरी ९५ टक्क्यांपेक्षा कमी घट म्हणजे धोक्याची घंटा. मात्रा बरोबर असेल, तर त्या कळपात तो गट निकामी होऊ लागला आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शेळ्यांना तेवढंच औषध चालतं का?
नाही. शेळीच्या शरीरातून अनेक औषधं लवकर बाहेर पडतात, त्यामुळे मेंढीची मात्रा तिला कमी पडते. कळपात शेळ्याही असतील तर त्यांची मात्रा डॉक्टरांना वेगळी विचारा.

पळसपापडी, कडुनिंब यांनी भागतं का?
यांचा वापर जुना आहे, पण प्रत्येक वेळी किती द्यायचं आणि किती गुण येईल याची खात्री नसते. पापणी पांढरी पडलेल्या मेंढीला त्यांच्या भरवशावर ठेवू नका.

आंत्रविषाराची लस दिली, मग जंताचं औषध कशाला?
आंत्रविषार हा जिवाणूंच्या विषामुळे होणारा रोग आहे. त्या लसीचा जंतांवर काहीही परिणाम होत नाही.

औषधाशिवाय काय करता येईल?
सकाळी दव वाळल्यावर चरायला सोडा. गवत जमिनीलगत खुरटेपर्यंत त्याच जागी चारू नका, कारण बहुतेक अळ्या बुडाशी असतात. डबक्यांभोवती चारणं टाळा. गाभण मेंढ्यांना आणि कोकरांना पेंड किंवा शेंगवर्गीय चारा द्या, पोटभर प्रथिनं मिळणारी मेंढी जंतांना जास्त तोंड देते. आणि दर वर्षी जिला सर्वांत जास्त वेळा औषध लागतं, तिची कोकरं पैदाशीसाठी ठेवू नका.

डॉक्टरांना तातडीनं कधी बोलवायचं?
जबड्याखाली सूज, पांढरी पापणी, उठता न येणं किंवा एकापाठोपाठ मेंढ्या मरणं यांपैकी काहीही दिसलं तर लगेच. मेलेल्या मेंढीचं शवविच्छेदन करून घ्या. पोटात नेमके कोणते जंत आहेत हे त्यातून कळतं आणि उरलेल्या कळपाला कोणतं औषध द्यायचं तेही ठरतं.