ढिगाऱ्याच्या पोटातील आग

२ मार्च २०२३ रोजी कोचीच्या ब्रह्मपुरम येथील कचरा प्रक्रिया केंद्रात आग लागली. काही दिवसांत ज्वाळा आटोक्यात आल्या. धूर मात्र हटेना. नौदलाच्या हेलिकॉप्टरांनी वरून पाणी ओतले, शाळांना सुट्टी द्यावी लागली, आणि आग पूर्ण विझायला १३ मार्च उजाडला. अखेर उपयोगी पडली ती माती खोदणारी यंत्रे: ढीग उकरायचा, खालचा थर उघडा करायचा आणि तिथेच पाण्याचा मारा करायचा.

वरून ओतलेले पाणी प्लास्टिकच्या थरांवरून वाट काढत निघून जाते. धुमसणारा गाभा कोरडाच राहतो. हा गाभा तापतो कसा, याचे गणित जुने आहे. सोव्हिएत शास्त्रज्ञ फ्रँक-कामेनेत्स्की यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले की, आपोआप तापणाऱ्या पदार्थाच्या आकाराला एक मर्यादा असते. ती ओलांडली की आत निर्माण होणारी उष्णता बाहेर पडणाऱ्या उष्णतेवर मात करते. कचऱ्यात ही सुरुवात सूक्ष्मजीव करतात, पुढचे काम ऑक्सिडीकरण करते. केवळ वहनाने उष्णता बाहेर पडण्यास लागणारा काळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दहा मीटर खोलीवरून ती बाहेर यायला दशके लागतात! त्यातच हवेविना कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन निघतो. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के असेल तर एक ठिणगी पुरते.

तरीही आपल्याकडे शोध घेतला जातो तो ठिणगीचाच. मुंबईत देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. जानेवारी २०१६ मध्ये ती पेटली तेव्हा धुराचा पट्टा उपग्रहाच्या छायाचित्रांतही उमटला, आणि संशय गेला भंगाराच्या धंद्यातील माणसांवर. काडी कुणी लावलीही असेल. पण नऊ दशकांचा ढीग त्यांनी रचला नव्हता. दिल्लीच्या गाझीपूरची क्षमता २००२ मध्येच संपली होती, तरी कचरा पडत राहिला आणि उंची ६० मीटरांपलीकडे गेली. एप्रिल २०२२ मध्ये दिल्लीतील भलस्वा आणि चेन्नईतील पेरुंगुडी येथील कचराभूमी लागोपाठच्या दिवशी पेटल्या.

नियम नव्हते असे नाही. अल्मित्रा पटेल यांच्या १९९६ च्या याचिकेनंतर २००० साली घनकचऱ्याचे पहिले देशव्यापी नियम आले. २०१६ च्या नियमांनी तर किलोमागे १५०० किलोकॅलरी किंवा अधिक उष्मांक असलेला, पुनर्वापरास अयोग्य कचरा भरावभूमीत टाकण्यास मनाई केली. आगीच्या दृष्टीने हे कलम नेमके आहे: इंधनच ढिगात जाऊ द्यायचे नाही. जुने ढीग उपसून, चाळून, माती आणि ज्वलनशील भाग वेगळा करण्याची बायोमायनिंग पद्धत हेच काम उलट्या दिशेने करते. फक्त उपसताना आत हवा शिरते, म्हणून तापमान आणि वायू मोजत थोडे थोडेच उघडावे लागते.

ब्रह्मपुरमच्या आगीबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने कोची महापालिकेला १०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. तिथे जळले ते मुख्यतः प्लास्टिक.