कंदील, छत्री आणि राष्ट्र : हुसेन यांच्या वस्तुसृष्टीचे एक वाचन

मकबूल फिदा हुसेन (१९१५–२०११) यांचे नाव निघाले, की चर्चा एक तर घोड्यांकडे वळते किंवा वादांकडे. या दोहोंच्या आड त्यांच्या चित्रांतील एक तिसरी सृष्टी झाकली गेली आहे : कंदील, छत्री, जोडा, चाक अशा रोजच्या वापरातील वस्तूंची. राष्ट्राची कल्पना आणि हरवलेल्या बालपणाची ओढ हुसेन यांच्या कलेत सर्वांत निकट येतात त्या या वस्तुसृष्टीत. हुसेन यांनी राष्ट्र दोन रीतींनी रंगविले : देहाच्या रूपाने आणि वस्तूच्या रूपाने. देहरूप राष्ट्रावरून त्यांच्यावर खटले भरले गेले. वस्तुरूप राष्ट्राविषयी तसे काही घडले नाही, आणि कदाचित म्हणूनच ते पुरेसे वाचलेही गेले नाही. आपलेपणाचा हक्क कशाने सिद्ध होतो, या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे या दोन रीतींत दडलेली आहेत.

मराठी वाचकाला या वस्तुसृष्टीकडे जाण्याची जवळची वाट संतवाङ्मयातून जाते. जनाबाई परभणी जिल्ह्यातील गंगाखेडची. गोदाकाठच्या या गावातून ती पंढरपुरात दामाशेटींच्या घरी आली आणि नामदेवांच्या कुटुंबात दासी म्हणून वाढली. तिच्या अभंगांत दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणे यांना जे स्थान आहे ते दृष्टान्तापुरते मर्यादित नाही. जाते हे तिच्या श्रमाचे साधन आहे, आणि त्याच जात्याशी विठ्ठल येऊन बसतो. कुळ, मालमत्ता, विद्या यांपैकी कशाच्याही बळावर देवावर हक्क सांगता न येणारी ही स्त्री तो हक्क हाताखालच्या वस्तूंच्या साक्षीने सांगते. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात तिचे म्हणून एक जाते आजही दाखविले जाते. त्याची ऐतिहासिकता हा वेगळा प्रश्न. लोकस्मृतीने तिच्यासाठी स्मारक म्हणून जाते निवडावे, हे अधिक अर्थपूर्ण आहे. वापराने वस्तू आपली होते आणि वस्तूच्या द्वारा माणूस त्या भूमीचा होतो, असा एक संकेत या परंपरेने रूढ केला.

जनाबाईनंतर सुमारे सहा शतकांनी याच पंढरपुरात एका सुलेमानी बोहरा कुटुंबात हुसेन जन्मले. येथे प्रभावाचा दावा करावयाचा नाही. वाचनाची एक चौकट तेवढी हाती घ्यावयाची आहे. हुसेन दीड-दोन वर्षांचे असतानाच त्यांची आई झैनब वारली. तिचे छायाचित्र उरले नाही आणि तिचा चेहराही त्यांना आठवत नसे; हे त्यांनी स्वतः वारंवार सांगितले आहे. पुढे वडिलांबरोबर ते इंदूरला गेले. कंदील बनविणाऱ्या आजोबांच्या आठवणीशी त्यांच्या चित्रांतील कंदिलाचे नाते जोडले जाते. नऊवारीतील आईची कल्पना आणि चित्रांतील चेहराविहीन स्त्रिया यांचा संबंधही अनेकांनी दाखविला आहे. मदर तेरेसांवरील चित्रमालिकेतील कोरे चेहरे हे त्याचे ठळक उदाहरण. या स्मृतीच्या केंद्रस्थानी प्रतिमाच नाही. जेथे चेहरा असावयास हवा तेथे पोकळी आहे, आणि त्या पोकळीभोवती वस्तू गोळा झाल्या आहेत.

मुंबईत सिनेमाचे फलक रंगविणारा आणि लहान मुलांच्या फर्निचरवर, खेळण्यांवर काम करणारा हा चित्रकार १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये दाखल झाला. १९४८ मध्ये सूझा यांच्यासह दिल्लीला जाऊन त्याने भारतीय कलेचे मोठे प्रदर्शन पाहिले. मथुरेची शिल्पे आणि बसोलीची लघुचित्रे यांचा ठसा पुढील चित्रांवर स्पष्ट दिसतो. सूझा, रझा, बाकरे परदेशी गेले. हुसेन येथेच राहिले. १९५५ साली ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले ‘जमीन’ हे चित्र या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. लांबट आडव्या पटावर, कप्प्याकप्प्यांतून, माणसे, जनावरे, चाक आणि शेतकामाच्या खुणा एकमेकांशेजारी मांडल्या आहेत. त्यांत नायक नाही आणि सलग कथानकही नाही. नव्या प्रजासत्ताकाची ही प्रतिमा सिंहासनावर बसलेली नाही. ती कामाला लागलेली आहे. १९५६ च्या ‘बिटवीन द स्पायडर अँड द लॅम्प’मध्ये उभ्या स्त्रिया आहेत, धाग्याला लोंबणारा कोळी आहे, वर दिवा आहे आणि न लागणारी लिपी आहे. अक्षरे आहेत पण वाचता येत नाहीत; दिवा आहे पण तो अर्थावर प्रकाश टाकीत नाही. वस्तूला चिन्ह करून तिचा अर्थ मात्र बंद न करणे, ही हुसेन यांची रीत येथे सिद्ध झालेली दिसते.

तिचा सर्वांत मोकळा आविष्कार १९६७ च्या ‘थ्रू द आईज ऑफ अ पेंटर’ या लघुपटात आढळतो. फिल्म्स डिव्हिजनसाठी राजस्थानात चित्रित केलेल्या या कृष्णधवल लघुपटाला बर्लिनच्या महोत्सवात त्याच वर्षी सुवर्ण अस्वल मिळाले. त्यात कथानक नाही, दृश्ये उलगडून सांगणारे निवेदन नाही. छत्री, कंदील आणि जोडा मात्र पुन:पुन्हा येतात; कधी माणसांच्या सोबत, कधी माणसांवाचून. शासनाच्या माहितीपटांची त्या काळची प्रकृती बोधपर होती : धरणे, कारखाने, योजना. त्याच संस्थेच्या खर्चाने, देशाविषयी एकही विधान न करणारा हा देशाचा पट तयार व्हावा, ही गोष्ट कलेतिहासाइतकीच राष्ट्रकल्पनेच्या इतिहासातही नोंदविण्याजोगी आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. ग्रामीण वस्तू शहरी रसिकापुढे मांडल्या, की त्यांचे स्मरणरंजन होते, आणि स्मरणरंजनाला बाजारभाव असतो. हा आक्षेप सहज बाजूला सारता येणार नाही. १९६७ साली देशातील बहुसंख्य खेड्यांत वीज पोचलेली नव्हती. निजामी राजवटीतून १९४८ मध्ये भारतात आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्यात आलेल्या परभणीसारख्या जिल्ह्यातील खेड्यांत कंदील ही रोज संध्याकाळी काच पुसून पेटवावयाची वस्तू होती. मुंबई-दिल्लीच्या दिवाणखान्यात जो भूतकाळ होता, तो येथे वर्तमान होता, आणि तोही हौसेचा नव्हे, नाइलाजाचा. एकच वस्तू एका भारतीयाला आठवण आणि दुसऱ्याला गरज वाटते, या विषमतेकडे हुसेन यांची चित्रे थेट बोट दाखवीत नाहीत. ही त्यांची मर्यादा मान्य केली पाहिजे.

तरीही या वस्तू निव्वळ स्मरणरंजनात जमा होत नाहीत. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्याशी तुलना केली असता हे स्पष्ट होते. बरवे यांच्या चित्रांतील घड्याळ वा पान आपल्या उपयोगातून सुटून अवकाशात स्वतंत्रपणे स्थिरावते. ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) मधील त्यांचे चिंतन वस्तूच्या या रूपाभोवती फिरते. हुसेन यांचा कंदील मात्र धरणाऱ्या हाताची आठवण सोडीत नाही. रंजन करणारे स्मरण गतकाळ भरलेला, सुखरूप दाखविते. हुसेन यांच्याकडे तो हात बहुधा गैरहजर असतो. वस्तू उरते आणि माणूस उरत नाही, हे दुःख त्यात आहे.

देहरूप राष्ट्राची गोष्ट निराळी. १९७५ मध्ये आणीबाणीच्या काळात हुसेन यांनी इंदिरा गांधींना दुर्गेच्या रूपात रंगविले. राष्ट्र, देवता आणि सत्ताधीश व्यक्ती एका देहात एकवटण्याची ही किमया सत्तेला सोयीची होती. देहाचे हे रूपक मग त्यांच्यावरच उलटले. सत्तरच्या दशकातील सरस्वतीच्या रेखाटनावरून १९९६ मध्ये तक्रारी झाल्या, १९९८ मध्ये त्यांच्या मुंबईतील घरावर हल्ला झाला. २००६ मध्ये, नकाशाच्या आकारात वळलेल्या नग्न स्त्रीदेहाचे एक चित्र लिलावाच्या जाहिरातीत ‘भारतमाता’ या नावाने झळकले. ते नाव आपण दिलेले नव्हते, अशी चित्रकाराची भूमिका होती. समीक्षेच्या दृष्टीने हा तपशील कळीचा आहे : शीर्षकाने देहाचे राष्ट्र केले, आणि राष्ट्र झालेल्या देहावर मालकीचा प्रश्न आला. हा देह कोणाचा, तो रंगविण्याचा अधिकार कोणाला, असे विचारले जाऊ लागले. मे २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हे खटले रद्द केले. २००६ पासून देशाबाहेर असलेले हुसेन मात्र परतले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व स्वीकारले. ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

परदेशातील अखेरच्या वर्षांत ते भारतीय संस्कृतीवर त्रिपटांची एक मालिका करीत होते. त्यांतील आठ पूर्ण झाले आणि २०१४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ते प्रदर्शित झाले. एका त्रिपटाचा विषय आहे भारतीय घरे : वेगवेगळ्या धर्मांच्या कुटुंबांचा घरगुती संसार. दुसऱ्याचा सण, तिसऱ्याचा वाहतुकीची साधने. नागरिकत्व सोडलेला नव्वदी ओलांडलेला चित्रकार पारपत्राने न मिळणारी ओळख येथे घरातल्या वस्तूंत शोधताना दिसतो.

देहरूप राष्ट्र निष्ठेची घोषणा मागते, आणि घोषणा करणाऱ्याची जात, धर्म, नाव तपासते. वस्तुरूप राष्ट्र एवढेच विचारते, की हे जाते कोणी ओढले, हा कंदील कोणी पेटविला. गंगाखेडच्या दासीने पंढरपुरात याच कसोटीवर आपला हक्क सांगितला आणि मराठी परंपरेने तो मान्य केला. पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकाराच्या बाबतीत ही कसोटी लावली गेली नाही. त्याच्या कंदिलाचे आणि छत्रीचे वाचन मराठी समीक्षेवर आहे ते या अर्थाने एक जुने देणे आहे.