काष्ठातील भिक्खू : तेर आणि नान्हुआ

बार्शीच्या पूर्वेस, धाराशिव जिल्ह्यात तेरणाकाठी वसलेले तेर हे गाव म्हणजे प्राचीन तगर होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणसोबत तगरचा उल्लेख आढळतो. येथील कापड भडोच बंदराकडे जात असे. व्यापाराच्या याच वाटांनी धम्मही चालला. तेरच्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले. तेथील त्रिविक्रम मंदिराची गजपृष्ठाकार वास्तू मूळची चैत्यगृह असावी, असेही अनेक अभ्यासक मानतात. गावातील रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारचौकट जतन केलेली आहे. ती बौद्ध नव्हे. परंतु या मुलखातील काष्ठकलेची ती बोलकी साक्ष आहे.

आपल्या प्राचीन बौद्ध काष्ठकलेपैकी फारच थोडे शिल्लक उरले. पाऊस, वाळवी आणि उपेक्षा यांनी ते गिळले. कार्ल्याच्या चैत्यगृहातील लाकडी कमानी दोन सहस्र वर्षे टिकून आहेत. म्हणून भिक्खूची प्राचीन लाकडी प्रतिमा पाहावयाची तर चीनकडे वळावे लागते.

चिनी काष्ठमूर्तींमध्ये तथागतांच्या शेजारी वृद्ध महाकाश्यप आणि तरुण आनंद उभे दिसतात. त्याखेरीज अर्हतांचे मोठे समूह कोरले जात. या परंपरेशी महाराष्ट्र पाहिलेल्या एका भिक्खूचा जवळचा संबंध आहे. ह्यूएन त्संग 641 च्या सुमारास महाराष्ट्रात आला होता. डोंगरातील भव्य विहार उभारणाऱ्या अचल नावाच्या अर्हताची नोंद त्याने केली. अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेण्यातील शिलालेखातही स्थविर अचलाचा उल्लेख आहे. स्वदेशी परतल्यावर ह्यूएन त्संगाने 654 साली नंदिमित्राच्या ग्रंथाचे भाषांतर केले. सोळा अर्हतांची नावे सांगणाऱ्या या ग्रंथामुळे चीनमध्ये अर्हतांच्या प्रतिमांना मोठी चालना मिळाली. पुढे पाचशे अर्हतांचे समूहही घडू लागले. राजगृहाच्या पहिल्या संगीतीतील पाचशे भिक्खूंशी त्यांचा संबंध जोडला जातो. त्या संगीतीत विनयाचे संगायन करणारा उपाली पूर्वाश्रमीचा न्हावी होता, हे आपण विसरता कामा नये.

ग्वांगदोंग प्रांतातील नान्हुआ विहारासाठी 1045 ते 1048 या काळात पाचशे लाकडी अर्हत कोरले गेले. त्यांपैकी सुमारे 360 मूर्ती आज अस्तित्वात असून त्यांतील काही नंतरच्या काळात नव्याने घडविलेल्या आहेत. प्रत्येक मूर्ती साधारण अर्ध्या मीटरची. कोणी चिंतनात मग्न, कोणी हसतमुख, कोणी वार्धक्याने वाकलेला. एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही. दीडशेहून अधिक मूर्तींवर दात्यांचे लेख कोरलेले आहेत. हे दाते राजे नव्हते. ग्वांगझौ परिसरातील गृहस्थ आणि व्यापारी होते.

हे वाचताना आपल्या लेण्यांतील दानलेखांचे स्मरण होते. धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने कार्ल्याच्या चैत्यगृहाचे द्वारमुख घडविल्याचा लेख तेथील भिंतीवर आहे. राजांच्या नावांबरोबर एका सुताराचे नाव दगडावर कोरले जावे, ही धम्माने घडविलेली गोष्ट आहे.

नान्हुआ हे हुइनेंग (638–713) या चान परंपरेच्या सहाव्या आचार्यांचे स्थान. परंपरा सांगते की, ते निरक्षर होते आणि सरपण विकून आईला पोसत. धम्म शिकण्यासाठी ते उत्तरेस गेले, तेव्हा दक्षिणेचा रानटी माणूस बुद्ध कसा होणार, असा प्रश्न त्यांना विचारण्यात आला. माणसांत उत्तर-दक्षिण असेल, बुद्धत्वात नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. त्यांना धान्य कांडण्याच्या कामाला लावले गेले. तरी आचार्यांचे चीवर अखेरीस त्यांनाच मिळाले. जन्मावरून माणसाची पात्रता ठरविणाऱ्या व्यवस्थेचे चटके ज्यांनी सोसले, त्यांना या कथेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आज अशा काष्ठमूर्ती देशोदेशींच्या बाजारांत शोभेची वस्तू म्हणून विकल्या जातात. विहार सुटतो, दात्याचे नाव पुसले जाते आणि ‘चिनी भिक्खू, प्राचीन’ एवढीच चिठ्ठी उरते. म्हणून मूर्ती समोर आली की तिची बैठक पाहावी, लेख शोधावा. पाठीमागील बाजूही तपासावी. कारण अनेक मूर्तींच्या आत पोकळी ठेवून तीत सूत्रग्रंथ व दानवस्तू ठेवीत. चीनमध्ये 985 साली घडविलेल्या आणि जपानमधील सेइर्योजी विहारात असलेल्या बुद्धमूर्तीच्या पोटात तर रेशमाचे आंतरावयव सापडले.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात एक मूलगामी प्रश्न उपस्थित केला : भिक्खू हा केवळ स्वतः परिपूर्ण होणारा पुरुष की लोकांचा सेवक व मार्गदर्शक? नान्हुआच्या मूर्ती या प्रश्नाचा निकाल देत नाहीत. मात्र ज्या संघाला लोकांनी आपल्या कष्टाच्या कमाईतून उभे केले, त्या संघावर लोकांचे ऋण असते, एवढे त्यांच्यावरील लेख निश्चितपणे सांगतात.

तेरला जाणाऱ्या उपासक-उपासिकांनी स्तूपाच्या विटा पाहाव्यात आणि ती द्वारचौकटही न्याहाळावी. ती कोरणाऱ्या हातांची नावे आपल्यापर्यंत पोहोचली नाहीत. सामीचे नाव पोहोचले, कारण ते कोरून ठेवण्याची बुद्धी त्या काळाला झाली. आपल्या विहारांच्या दानपट्टिकांवर आपण कोणाची नावे कोरतो, याचा विचार त्या चौकटीसमोर उभे राहून अवश्य करावा.