सुमो मोटारीचा उदय आणि अस्त

अमेरिकेंत फोर्ड कंपनीनें १९९९ सालीं ‘एक्स्कर्शन’ नांवाची जवळजवळ एकोणीस फूट लांबीची मोटार बाजारांत आणली आणि २००५ सालीं ती बंद केली. तिच्याच जातीची ‘हमर’ २०१० सालीं इतिहासजमा झाली. घरापासून बाजारापर्यंत एक-दोन माणसें नेण्यासाठीं एवढा पसारा कशाला, असा प्रश्न तेथेंही विचारला जात असे. पेट्रोलचे भाव चढतांच गिऱ्हाइकांनीं त्याचें उत्तर स्वतःच दिलें. आपल्याकडील मोठ्या मोटारीची कथा अगदीं निराळी आहे. तिच्यांत जागा फार, अशी तक्रार येथें कोणी केली नाहीं. जागा पुरत नाहीं, हीच तक्रार होती. श्रोत्यांना ही कथा समजावून घ्यावयाची असेल तर एका बाजूस पुणें आणि दुसऱ्या बाजूस जालना जिल्ह्यांतील धावडा, अशीं दोन गांवें एकाच वेळीं डोळ्यांसमोर ठेवावीं लागतील.

प्रथम पुणें. टेल्को ही १९४५ सालीं स्थापन झालेली, मूळची आगगाडीचीं इंजिनें करणारी कंपनी. १९५४ पासून जर्मनीच्या डाइम्लर-बेंझच्या सहकार्यानें ती मालमोटारी करूं लागली. तिचा पुण्याचा कारखाना उभा केला तो सुमंत मूळगांवकर यांनीं. दुपारच्या जेवणाच्या वेळीं ते साहेबलोकांची पंगत सोडून हमरस्त्यावरच्या ढाब्यावर जात आणि मालमोटारी हांकणाऱ्यांचीं गाऱ्हाणीं ऐकत, अशी एक गोष्ट सांगतात. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. पण कारखान्याच्या लोकांना आपल्या प्रमुखाविषयीं नेमकी हीच गोष्ट सांगावीशी वाटली, हें कांहीं कमी बोलकें नाहीं. मूळगांवकर १९८९ सालीं वारले. पुढें १९९४ सालीं जी नवी गाडी निघाली तिला त्यांच्या नांवाचें आणि आडनांवाचें आद्याक्षर जोडून ‘सुमो’ हें नांव मिळालें. जपानी मल्लांशीं त्याचा संबंध नाहीं. गाडीचा देह पाहून पुष्कळांना तो वाटला, ही गोष्ट वेगळी.

या गाडीचें कुळ मालमोटारीचें होतें. १९८६ सालीं ‘४०७’ ही लहान मालमोटार आली, १९८८ सालीं उघड्या पाठीची एक गाडी आली आणि तिच्या सांगाड्यावरून १९९१ सालीं ‘सिएरा’, १९९२ सालीं ‘इस्टेट’ या बंदिस्त मोटारी निघाल्या. या दोन्ही हौशी श्रीमंतांच्या गाड्या. सुमोनें हौस बाजूस ठेवली. सुमारें दोन लिटरचें डीझेल इंजिन, मागच्या चाकांना जोर, जाड पोलादी चौकट आणि तिच्यावर बसविलेली चौकोनी पेटी. लांबी चौदा-साडेचौदा फूट, म्हणजे एक्स्कर्शनहून चार फुटांहून अधिक कमी. पण तेवढ्यांत पुढें तीन, मध्यें तीन आणि मागें समोरासमोरच्या बांकांवर चार, अशीं दहा माणसें बसत. तीन वर्षांत एक लाखावर गाड्या खपल्या.

आतां दुसरें गांव. धावडा हें भोकरदन तालुक्यांतलें. जालन्यास निजामी राजवटींत, १९०० च्या सुमारास, आगगाडी आली. भोकरदनच्या बाजूस ती वळली नाहीं. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर रस्त्यावर पहिली सरकारी एस. टी. धांवली तेव्हां हा मुलूख हैदराबाद संस्थानांत होता. पुढें एस. टी. येथेंही आली आणि तिनें या भागाची मोठी सेवा केली. परंतु ती तिच्या वेळेला येणार आणि शेतकऱ्याचें काम त्याच्या वेळेला निघणार. ही फट काळ्या-पिवळ्या रंगाच्या जीपगाड्यांनीं भरून काढली. तिला वेळापत्रक नव्हतें. शिटा भरल्या कीं गाडी हलली. आणि शिटा दहांवर थांबत नसत. बाजाराच्या दिवशीं आंत चौदा-पंधरा माणसें, टपावर गाठोडीं, मागच्या पायरीवर लोंबकळणारीं पोरें, हें दृश्य मराठवाड्यांत हिंडलेल्या कोणासही नवें नाहीं. सरकारी भाषेंत ही अवैध वाहतूक. उलटलेली गाडी ज्यानें पाहिली असेल तो या शब्दास हरकत घेणार नाहीं. पण रात्रीं अडलेली बाई तालुक्याला न्यावयाची असली म्हणजे तोच शब्द कोणाला आठवत नसे. माझ्या मतें दोन्ही बाजू खऱ्या होत्या, आणि सुमोचें भवितव्य ठरलें तें या दोहोंच्या ओढाताणींत.

शहरांत तिचें आसन आधींच डळमळलें होतें. २००० सालीं टोयोटाची ‘क्वालिस’ आली. प्रवासी कंपन्यांना ती अधिक मऊ वाटली. त्याच वर्षीं महिंद्रांची ‘बोलेरो’, आणि २००२ सालीं नाशिकची ‘स्कॉर्पिओ’. सुमोनेंही स्पासिओ, व्हिक्टा, ग्रँदे, गोल्ड अशीं रूपें घेतलीं. कुळी तीच राहिली. मग नियमांची पाळी आली. २०१९ च्या एप्रिलपासून चाकें जाम न होऊं देणारे ब्रेक, जुलैपासून चालकापुढें हवेची उशी, ऑक्टोबरपासून धडकेची कसोटी, आणि १ एप्रिल २०२० पासून धुराचे ‘बी. एस. ६’ हे कडक दंडक. गाडींत बसलेल्याच्या जिवाचा हिशेब प्रथमच एवढ्या काटेकोरपणें कारखानदाराच्या माथीं आला, आणि तो यावयासच हवा होता. मात्र जुन्या सांगाड्यावर हें सारें बसवावयाचें म्हणजे गाडी नव्यानेंच घडवावी लागली असती, आणि मग ती स्वस्त राहिली नसती. २०१९ सालीं, पंचवीस वर्षांनीं, फारसा गाजावाजा न करतां कंपनीनें सुमोचें उत्पादन थांबविलें.

२०२१ च्या अखेरीस एस. टी. कामगारांचा संप सुरू झाला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला. त्या महिन्यांत खेड्यापाड्यांतल्या उतारूंना मुख्य आधार राहिला तो खासगी गाड्यांचाच. सुमोची जागा तोंवर बोलेरोनें आणि पिथमपूरच्या ‘क्रूझर’नें घेतली होती. लोक त्यांनाही काळी-पिवळीच म्हणतात.